उंदीर : जीवोपजीवी संक्रामणाविरुद्धची प्रतिरक्षा

दुसऱ्या जीवाच्या शरीरात किंवा शरीरावर राहून त्याच्यावर उपजीविका करणाऱ्या जीवास जीवोपजीवी म्हणतात. असे आदिजीव (एकाच कोशिकेचे बनलेले सूक्ष्मजीव) व कृमी शरीरात शिरले असता उंदराचे (मस मस्क्युलस) शरीर ज्या यंत्रणांच्या साहाय्याने त्यांना तोंड देते, त्यांचा अभ्यास विसाव्या शतकात, विशेषतः १९७० नंतर, मोठ्या प्रमाणावर झाला. प्रतिरक्षाविज्ञानातील (रोगप्रतिकारक्षमतेच्या शास्त्रातील) काही मूलभूत कल्पना याच अभ्यासातून पुढे आल्या. जीवाणू व व्हायरस यांच्या तुलनेने जीवोपजीवी आकाराने मोठे, रचनेने गुंतागुंतीचे व चिवट असतात. त्यांच्यापैकी अनेक यजमानाच्या (ज्याच्या शरीरात ते राहतात त्या प्राण्याच्या) शरीरात महिनोन्‌महिने वा वर्षानुवर्षे टिकून राहतात. प्रतिरक्षायंत्रणेची कसोटी अशा दीर्घ संक्रामणातच लागते. प्रतिकारशक्ती ही कमी वा जास्त अशी मोजता येईल अशी एकच राशी आहे, हा पूर्वीचा समज उंदरांवरील प्रयोगांनी मोडून काढला. कोणत्या शत्रूविरुद्ध कोणत्या प्रकारचा प्रतिसाद दिला जातो यावर यजमानाचे जगणे-मरणे अवलंबून असते, असे या प्रयोगांनी दाखवून दिले.

पार्श्वभूमी : जीवोपजीवींविरुद्धच्या प्रतिकाराचे पहिले प्रत्यक्ष निरीक्षण उंदरात झालेले नाही. एल्ये मेचनिकॉव्ह यांनी १८८४ मध्ये डॅफ्निया या गोड्या पाण्यातील सूक्ष्म संधिपाद प्राण्याला होणाऱ्या एका कवकजन्य (बुरशीमुळे होणाऱ्या) रोगाचे वर्णन केले. डॅफ्नियाच्या शरीरातील भक्षिकोशिका कवकाची बीजुके गिळून नष्ट करतात व त्या अपयशी ठरल्या, तर प्राणी मरतो, असे त्यांना आढळले. याच सुमारास रक्तद्रवातील प्रतिपिंडांना (बाह्य पदार्थाविरुद्ध शरीरात तयार होणाऱ्या विशिष्ट प्रथिनांना) महत्त्व देणारा दुसरा पक्ष उदयास आला व त्याचे प्रमुख प्रवक्ते पाउल एर्लिख हे होते. या दोघांना १९०८ चे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

जीवोपजीवींच्या अभ्यासासाठी उंदराचा उपयोग एर्लिख यांच्या प्रयोगशाळेत प्रथम व्यापक प्रमाणावर झाला. १९०४ मध्ये त्यांनी व कियोशी शिगा यांनी ट्रिपॅनोसोमा या रक्तातील आदिजीवाचे संक्रामण झालेल्या उंदरांवर ट्रिपॅन रेड या रंजकद्रव्याचे प्रयोग केले. हे कार्य रासायनिक चिकित्सेच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. परंतु त्याच काळात ट्रिपॅनोसोमांच्या संक्रामणाने प्रतिरक्षाविज्ञानापुढेही एक कोडे उभे केले. रक्तातील आदिजीवांची संख्या वाढते, एकाएकी घटते व काही दिवसांनी पुन्हा वाढते. रॉनल्ड रॉस व डेव्हिड टॉमसन यांनी १९१० मध्ये निद्रारोगाच्या एका रुग्णात अशा लाटांची रोजच्या रोज मोजदाद केली. उंदरातही हेच घडते. प्रत्येक लाट प्रतिपिंडांमुळे ओसरते, पण थोडे आदिजीव आपले बाह्य आवरण बदलून सुटतात व पुढील लाट निर्माण करतात. कीथ व्हिकरमन यांनी १९६९ मध्ये या आवरणाचे वर्णन केले व जॉर्ज क्रॉस यांनी १९७५ मध्ये त्यातील प्रथिने वेगळी केली, तेव्हा या लाटांचा उलगडा झाला. प्रतिपिंड प्रभावी असूनही संक्रामण संपत नाही, ही गोष्ट यातून स्पष्ट झाली.

प्रयोगशाळेतील उंदीर : या क्षेत्रातील प्रगती ज्या साधनामुळे शक्य झाली ते साधन म्हणजे अंतःप्रजनित उंदरांचे वाण होत. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्यातील ग्रॅन्बी येथे ॲबी लॅथ्रॉप या निवृत्त शिक्षिका विसाव्या शतकाच्या आरंभी शौकिनांसाठी उंदीर पाळून त्यांची विक्री करीत. त्यांच्याकडील उंदीर हार्व्हर्ड विद्यापीठातील आनुवंशिकीविज्ञांकडे जाऊ लागले. तेथे विद्यार्थी असलेल्या क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९०९ मध्ये सख्ख्या भावंडांचा संकर पिढ्यान्‌पिढ्या करून डीबीए हा पहिला वाण तयार करण्यास प्रारंभ केला. लॅथ्रॉप यांच्याकडील उंदरांपासूनच १९२१ मध्ये सी५७ ब्लॅक या वाणाचा उगम झाला. हॅल्सी बॅग यांनी १९१३ मध्ये मिळविलेल्या पांढऱ्या उंदरांपासून पुढे बाल्ब-सी हा वाण निघाला. लिटल यांनी १९२९ मध्ये मेन राज्यातील बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन केली व तेथून हे वाण जगभर पोहोचले.

भावंडांचा संकर सलग २० पिढ्या केला म्हणजे त्या वाणाचे सर्व उंदीर आनुवंशिक दृष्ट्या जवळजवळ एकसारखे होतात. हे वाण प्रामुख्याने कर्करोग व ऊतकरोपण यांच्या अभ्यासासाठी निर्माण करण्यात आले होते. जीवोपजीवींच्या अभ्यासात त्यांचा उपयोग वेगळ्या कारणाने झाला. एकाच वयाच्या, एकाच आहारावरील दोन वाणांच्या उंदरांना जीवोपजीवीची सारखीच मात्रा टोचली असता एक वाण बरा होतो व दुसरा मरतो, असे दिसले, तर तो फरक आनुवंशिक असलाच पाहिजे. मानवी रुग्णांत आहार, वय, पूर्वीची दुखणी व संक्रामणाची मात्रा यांची सरमिसळ असल्याने असा निर्णय करता येत नाही.

यौवनलोपी ग्रंथी व कोशिकाजन्य प्रतिरक्षा : छातीच्या वरच्या भागातील यौवनलोपी ग्रंथीचे कार्य १९६० पर्यंत अज्ञात होते. झाक मिलर यांनी १९६१ मध्ये लंडन येथे नवजात उंदरांतील ही ग्रंथी काढून टाकली. असे उंदीर पुढे खंगत, त्यांच्या रक्तातील लसीका कोशिका घटत व परक्या उंदराच्या त्वचेचे रोपण ते नाकारीत नसत. या ग्रंथीत परिपक्व होणाऱ्या टी कोशिका व प्रतिपिंडे तयार करणाऱ्या कोशिकांचे पूर्वज असलेल्या बी कोशिका हा भेद १९६८ पर्यंत उंदरातच प्रस्थापित झाला. याच दशकात केसविरहित ‘न्यूड’ उंदरांचे वर्णन प्रसिद्ध झाले व त्यांना यौवनलोपी ग्रंथी नसते, असे १९६८ मध्ये आढळून आले. अशा उंदरांच्या आतड्यातील कृमी बाहेर टाकले जात नाहीत. निरोगी उंदरांच्या टी कोशिका दिल्यास मात्र ते टाकले जातात. कृमींविरुद्धचा प्रतिकार टी कोशिकांवर अवलंबून आहे, हे यावरून निश्चित झाले.

दुसरा महत्त्वाचा धागा जॉर्ज मॅकॅनेस यांच्या कार्याचा होय. लिस्टेरिया या जीवाणूच्या संक्रामणातून वाचलेल्या उंदरांच्या महाभक्षिकोशिका अधिक मारक बनलेल्या असतात, असे त्यांनी १९६२ मध्ये दाखविले व ही क्षमता रक्तद्रवाने नव्हे, तर लसीका कोशिकांमार्फत दुसऱ्या उंदरास देता येते, हे पुढील वर्षांत सिद्ध झाले. लिस्टेरिया हा जीवाणू असला, तरी कोशिकेच्या आत राहण्याची त्याची सवय लीशमॅनिया व टॉक्सोप्लाझ्मा या आदिजीवांसारखीच आहे. गिळणारी कोशिका हीच शत्रूचे घर बनते, तेव्हा प्रतिपिंडे तेथवर पोहोचत नाहीत. त्या कोशिकेला आतूनच जागे करावे लागते, ही कल्पना त्यामुळे रुजली.

काळ्या आजाराचा आदिजीव व जन्मजात प्रतिकार : विल्यम लीशमन यांनी कलकत्त्याजवळील डमडम येथे आजारी पडलेल्या सैनिकाच्या प्लीहेत (पाणथरीत) पाहिलेले व चार्ल्स डॉनोव्हन यांना मद्रास येथील रुग्णांत आढळलेले कण १९०३ मध्ये प्रसिद्ध झाले व त्यांना लीशमॅनिया डॉनोव्हनी हे नाव मिळाले [⟶ काळा आजार]. वालुमक्षिकेच्या दंशातून शरीरात शिरणारा हा आदिजीव यकृत, प्लीहा व अस्थिमज्जा यांतील महाभक्षिकोशिकांत वाढतो. उपचार न केल्यास काळा आजार बहुधा प्राणघातक ठरतो. तथापि संक्रामण झालेल्या अनेक माणसांना आजार होतच नाही. हा फरक कशामुळे पडतो, हा प्रश्न भारत, पूर्व आफ्रिका व ब्राझील येथील वैद्यांपुढे दीर्घकाळ होता.

डेव्हिड ब्रॅड्ली यांनी १९७४ मध्ये निरनिराळ्या वाणांच्या उंदरांना या आदिजीवाची सारखी मात्रा टोचून त्यांच्या यकृतातील आदिजीवांची मोजणी केली. दोन आठवड्यांनंतर वाणांचे दोन स्पष्ट गट पडले. मधले मूल्य दाखविणारे वाण जवळजवळ नव्हते. संकरज उंदरांतील प्रमाणावरून हा फरक एकाच जीनमुळे (आनुवंशिक लक्षण निश्चित करणाऱ्या गुणसूत्रावरील घटकामुळे) पडतो, असे अनुमान निघाले. ‘एल-एस-एच’ असे नाव मिळालेल्या या जीनचे स्थान पहिल्या गुणसूत्रावर निश्चित करण्यात ब्रॅड्ली यांच्या सहकारी जेनिफर ब्लॅकवेल यांचा वाटा मोठा होता. त्याच सुमारास साल्मोनेला जीवाणूविरुद्धच्या व क्षयरोगावरील बीसीजी लशीतील जीवाणूविरुद्धच्या प्रतिकाराचे जीनही त्याच जागी असल्याचे इतर प्रयोगशाळांना आढळले. तिन्ही जीन एकच असावेत, हा तर्क १९९३ मध्ये खरा ठरला. माँट्रिऑल येथील एमिल स्कामेन, फिलिप ग्रो व त्यांचे सहकारी यांनी हा जीन वेगळा केला. संवेदनक्षम वाणांत त्या जीनपासून बनणाऱ्या प्रथिनातील १६९ व्या जागी ग्लायसिनाऐवजी ॲस्पार्टिक अम्ल असते. एवढ्या एका बदलाने प्रथिन निकामी होते. हे प्रथिन महाभक्षिकोशिकेने गिळलेल्या आदिजीवाभोवतीच्या पोकळीतून लोह व मँगॅनीज यांचे आयन (विद्युत्‌ भारित अणू) बाहेर काढते, असे नंतरच्या संशोधनातून दिसून आले. येथे शत्रूला विष देण्याऐवजी त्याचे अन्न तोडले जाते. टी कोशिका कार्यरत होण्यापूर्वीच सुरू होणारा हा प्रतिकार जन्मजात स्वरूपाचा आहे.

दोन प्रकारचे प्रतिसाद : त्वचेवर व्रण निर्माण करणाऱ्या लीशमॅनिया मेजर (पूर्वीच्या ग्रंथांत लीशमॅनिया ट्रॉपिका) या जातीने वेगळेच चित्र दाखविले. इंग्लंडमधील जे. जी. हॉवर्ड, क्रिस्टीन हेल व एफ. वाय. लिऊ यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बहुतेक वाणांच्या उंदरांचे व्रण आपोआप भरून आले. बाल्ब-सी वाणात मात्र व्रण वाढत जाऊन संक्रामण सर्वांगात पसरले व उंदीर मेले. सी५७ ब्लॅक वाणाचे उंदीर काळ्या आजाराच्या आदिजीवाला सुरुवातीला आवर घालू शकत नाहीत, कारण त्यांच्यात वर उल्लेखिलेले प्रथिन निकामी असते; परंतु तेच उंदीर लीशमॅनिया मेजरच्या व्रणातून बरे होतात. एकाच प्रजातीतील दोन आदिजीवांविरुद्धचा प्रतिकारही एक नसतो, हे यावरून लक्षात आले.

बाल्ब-सी उंदरांच्या मृत्यूचे कारण प्रतिरक्षेचा अभाव असावे, असे प्रथम वाटले. परंतु १९८१ मध्ये हॉवर्ड व सहकाऱ्यांनी या उंदरांना संक्रामणापूर्वी प्राणघातक नसलेल्या मात्रेत प्रारण दिले, तेव्हा ते बरे झाले. अशा प्रारणाने लसीका कोशिका कमी होतात. म्हणजे प्रतिरक्षा दुर्बल केल्याने उंदीर वाचले. साहाय्यक टी कोशिका तात्पुरत्या नष्ट करणारी प्रतिपिंडे दिली असतानाही असाच परिणाम दिसून आला. यावरून या उंदरांतील काही टी कोशिका त्यांचेच नुकसान करीत असाव्यात, असे दिसले.

या विसंगतीचे उत्तर दुसऱ्याच दिशेने आले. टिमथी मॉसमन, रॉबर्ट कॉफमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅलो ॲल्टो येथे उंदराच्या साहाय्यक टी कोशिकांचे एकेका कोशिकेपासून वाढविलेले समूह तपासले. त्यांना या समूहांचे दोन प्रकार आढळले. पहिल्या प्रकारच्या कोशिका गॅमा इंटरफेरॉन व इंटरल्यूकीन-२ स्रवतात; दुसऱ्या प्रकारच्या कोशिका इंटरल्यूकीन-४ व तत्सम पदार्थ स्रवतात. कोशिकांनी एकमेकींना संदेश देण्यासाठी स्रवलेल्या अशा प्रथिनांना सायटोकाइने म्हणतात. हा भेद परीक्षानळीपुरताच आहे की जिवंत प्राण्यात त्याला काही अर्थ आहे, याविषयी शंका होती. ती लीशमॅनियाच्या संक्रामणाने दूर केली. फिलिप स्कॉट व ॲलन शेर यांच्या गटाने १९८८ मध्ये एका प्रकारच्या टी कोशिका टोचल्यास उंदीर वाचतात, तर दुसऱ्या प्रकारच्या टोचल्यास रोग बळावतो, असे दाखविले. फ्रेडरिक हाइन्‌झेल व रिचर्ड लॉक्सली यांनी १९८९ मध्ये बऱ्या होणाऱ्या सी५७ ब्लॅक उंदरांत गॅमा इंटरफेरॉन व खालावणाऱ्या बाल्ब-सी उंदरांत इंटरल्यूकीन-४ यांचे प्राबल्य असते, असे मोजून सिद्ध केले. इंटरल्यूकीन-४ ला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे वेळेवर दिल्यास बाल्ब-सी उंदीरही बरे होतात.

गॅमा इंटरफेरॉनाने उद्दीपित झालेली महाभक्षिकोशिका आर्जिनीन या ॲमिनो अम्लापासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करते व त्याने आतील आदिजीव मरतात, असे १९९० च्या सुमारास कळून आले. हा वायू तयार करणारे एंझाइम नसलेले उंदीर १९९५ मध्ये निर्माण करण्यात आले. मूळचे प्रतिकारक्षम असूनही ते लीशमॅनिया मेजरला बळी पडले. दुसऱ्या प्रकारच्या प्रतिसादात तेच आर्जिनीन वेगळ्या मार्गाने वापरले जाते व आदिजीवांच्या वाढीस ते पोषक ठरते. टी कोशिकांना पहिल्या वळणावर नेणारे इंटरल्यूकीन-१२ हे सायटोकाइन बाल्ब-सी उंदरांना दिल्यास ते बरे होतात, असे १९९३ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखविले; मात्र ते संक्रामणाच्या सुरुवातीलाच द्यावे लागते. एकदा प्रतिसादाची दिशा ठरली म्हणजे ती बदलणे अवघड असते. उपचारांच्या दृष्टीने ही मर्यादा फार महत्त्वाची आहे, कारण रुग्ण वैद्याकडे येतो तो संक्रामणानंतर बऱ्याच काळाने.

पुढील संशोधनाने या द्विभागणीला काही मुरडी घातल्या. इंटरल्यूकीन-४ चा जीन काढून टाकलेले बाल्ब-सी उंदीर काही प्रयोगशाळांत बरे झाले व काहींत झाले नाहीत. केवळ एका पदार्थावर सर्व भार टाकणे योग्य नाही, हे त्यावरून उमगले. बऱ्या झालेल्या उंदरांतही थोडे आदिजीव आयुष्यभर राहतात. यास्मिन बेल्केड व डेव्हिड सॅक्स यांच्या गटाने २००२ मध्ये नियामक टी कोशिका या उरलेल्या आदिजीवांना संरक्षण देतात, असे दाखविले. त्या कोशिका काढून टाकल्यास आदिजीव पूर्णपणे नष्ट होतात, पण त्याबरोबर पुनःसंक्रामणाविरुद्धची प्रतिकारक्षमताही नाहीशी होते. म्हणजे या रोगात संपूर्ण निर्मूलन व टिकाऊ संरक्षण ही दोन्ही एकदम साधत नाहीत.

कृमींविरुद्धचा प्रतिकार : बाल्ब-सी उंदरांना लीशमॅनियाच्या बाबतीत घातक ठरणारा दुसऱ्या प्रकारचा प्रतिसाद कृमींविरुद्ध मात्र उपकारक ठरतो. ट्रिक्युरिस म्युरिस हा उंदराच्या मोठ्या आतड्यात राहणारा, चाबकाच्या आकाराचा कृमी होय. मानवातील तशाच कृमीचा तो जवळचा नातलग आहे. डेरेक वेकलिन यांनी १९६० नंतरच्या काळात या कृमीचा उंदरांतील अभ्यास सुरू केला. बाल्ब-सी उंदीर या कृमीला काही आठवड्यांत बाहेर टाकतात. एकेआर वाणाच्या उंदरांत तो दीर्घकाळ राहतो. कॅथरिन एल्स, रिचर्ड ग्रेन्सिस व सहकारी यांनी १९९४ मध्ये दोन्ही वाणांतील परिणाम उलटे करून दाखविले. इंटरल्यूकीन-४ चे कार्य रोखल्यास प्रतिकारक्षम उंदरांत कृमी टिकून राहिले व गॅमा इंटरफेरॉन निष्प्रभ केल्यास संवेदनक्षम उंदरांनी त्यांना बाहेर टाकले. याच गटाला असेही आढळले की, एरवी प्रतिकारक्षम असलेल्या उंदरांना अगदी थोडी अंडी दिल्यास त्यांच्यात पहिल्या प्रकारचा प्रतिसाद निर्माण होऊन संक्रामण चिवट बनते. निसर्गात संक्रामण बहुधा थोड्या थोड्या अंड्यांनीच होत असल्याने हे निरीक्षण लक्षणीय आहे.

कृमी नेमके कशाने बाहेर पडतात, या प्रश्नाचे उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळे निघाले. कृमींच्या संक्रामणात इओसीनरागी श्वेत कोशिका व प्रतिपिंड-ई यांची वाढ होते, हे फार पूर्वीपासून माहीत होते व तीच मुख्य शस्त्रे असावीत, असे मानले जाई. परंतु इंटरल्यूकीन-५ निष्प्रभ करून इओसीनरागी कोशिकांची वाढ थांबविली, तरी निप्पोस्ट्राँगायलस ब्राझिलिएन्सिस हा लहान आतड्यातील कृमी नेहमीप्रमाणे बाहेर टाकला गेला. १९९८ मध्ये इंटरल्यूकीन-१३ चे महत्त्व सिद्ध झाले. त्याच्या प्रभावाने आतड्यातील चषक कोशिका अधिक श्लेष्मा (बुळबुळीत स्राव) तयार करतात, आतड्याच्या स्नायूंचे आकुंचन वाढते व अस्तराच्या कोशिका अधिक वेगाने बदलतात. वर सरकणाऱ्या जिन्यावरून माणूस वाहून जावा त्याप्रमाणे अस्तराला चिकटलेला कृमी बाहेर ढकलला जातो. येथे शत्रूला मारण्यापेक्षा त्याची राहण्याची जागा असह्य केली जाते. सेंटिमीटरभर लांबीच्या प्राण्याला भक्षिकोशिका गिळू शकत नाहीत, हे लक्षात घेता हा उपाय स्वाभाविक आहे.

इंटरल्यूकीन-१३ चे आरंभीचे उगमस्थान टी कोशिका नसून आणखी एक कोशिकासमूह आहे, असे २०१० मध्ये तीन गटांनी स्वतंत्रपणे दाखविले. त्यांना जन्मजात लसीका कोशिकांचा दुसरा प्रकार म्हणतात. या कोशिकांना जागे करणारा संदेश आतड्याच्या अस्तरातील झुबक्यासारखे टोक असलेल्या विरळ ‘टफ्ट’ कोशिका देतात, हे २०१६ मध्ये कळून आले. या कोशिका सूक्ष्मदर्शकाखाली कित्येक दशके दिसत होत्या. त्यांचे कार्य मात्र अज्ञात होते.

हिवतापावरील लस : प्रयोगशाळेतील उंदराला हिवताप नैसर्गिक रीत्या होत नाही. इग्नास व्हिंके व मार्सेल लिप्स यांनी १९४८ मध्ये बेल्जियन काँगोतील कटांगा भागातील झुडुपांत राहणाऱ्या रानउंदरांच्या रक्तातून प्लाझ्मोडियम बर्घेई हा आदिजीव मिळविला व तो पांढऱ्या उंदरांत वाढू शकतो, असे आढळले. त्यामुळे हिवतापाचा अभ्यास प्रयोगशाळेत सुलभ झाला [⟶ हिवताप]. रूथ नुसेन्झ्वाइग व सहकारी यांनी १९६७ मध्ये न्यूयॉर्क येथे डासाच्या लालाग्रंथींतील या आदिजीवाची स्पोरोझॉइट अवस्था क्ष-किरणांनी दुर्बल करून उंदरांना टोचली. नंतर जिवंत, सशक्त स्पोरोझॉइट टोचूनही बहुतेक उंदरांना हिवताप झाला नाही. १९८० मध्ये स्पोरोझॉइटच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाविरुद्धची शुद्ध प्रतिपिंडे केवळ टोचूनही उंदरांचे संरक्षण करता आले. तर १९८७ मध्ये यकृतात शिरलेल्या आदिजीवाविरुद्ध मारक टी कोशिका व गॅमा इंटरफेरॉन यांचीही गरज असते, असे दिसून आले.

मानवी हिवतापाच्या प्लाझ्मोडियम फॅल्सिपेरम या जातीतील याच प्रथिनाचा भाग वापरून आरटीएस-एस ही लस तयार करण्यात आली. तिची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली. ऑक्सफर्ड विद्यापीठात विकसित झालेल्या व पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या संस्थेत उत्पादन होणाऱ्या आर-२१ या दुसऱ्या लशीची शिफारस २०२३ मध्ये झाली. उंदरावरील मूळ प्रयोगापासून या शिफारशींपर्यंत अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

प्रतिरक्षेची किंमत : प्रभावी प्रतिसाद नियंत्रणात राहिला नाही, तर तोच यजमानाला मारतो. टॉक्सोप्लाझ्माच्या संक्रामणात गॅमा इंटरफेरॉन आवश्यक असते, हे १९८८ मध्ये सिद्ध झाले. परंतु प्रतिसादाला लगाम घालणारे इंटरल्यूकीन-१० हे सायटोकाइन नसलेले उंदीर आदिजीवांची वाढ आटोक्यात ठेवूनही अतिरिक्त दाहामुळे मरतात, असे १९९६ मध्ये आढळले. शिस्टोसोमा मॅन्सोनाय या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या चपट्या कृमीची अंडी यकृतात अडकतात व त्यांच्याभोवती दाहक कोशिकांच्या गाठी (कणार्बुदे) बनतात. इंटरल्यूकीन-४ नसलेले उंदीर या संक्रामणात तीव्र अवस्थेतच दगावतात, म्हणजे दुसऱ्या प्रकारचा प्रतिसाद त्यांना वाचवितो. परंतु त्याच प्रतिसादातील इंटरल्यूकीन-१३ पुढे यकृतात तंतुमय ऊतक वाढवून जुनाट रोग निर्माण करते. तीव्र अवस्थेतील संरक्षणाची किंमत अशा रीतीने जुनाट अवस्थेत मोजावी लागते.

उंदीर व मानव : उंदरांवरील निष्कर्ष मानवाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. काही फरक मुळातच आहेत. टॉक्सोप्लाझ्माचे एक प्रथिन ओळखणारा ग्राही (टीएलआर-११) उंदरात असतो व त्याचे कार्य २००५ मध्ये उलगडले. मानवात तो कार्यक्षम नाही. काही फरक प्रयोगपद्धतीमुळे पडतात. सुरुवातीच्या प्रयोगांत लीशमॅनिया मेजरचे लक्षावधी आदिजीव उंदराच्या पायात टोचले जात. वालुमक्षिका त्या मानाने फारच थोडे आदिजीव त्वचेत सोडते. प्रयोगशाळेतील स्वच्छ पिंजऱ्यात वाढलेल्या उंदरांची प्रतिरक्षायंत्रणा इतर संक्रामणांच्या अनुभवापासून वंचित असते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सी५७ ब्लॅक वाणाचे उंदीर मोकळ्या कुंपणात सोडले असता तेच उंदीर ट्रिक्युरिस कृमीला अधिक प्रमाणात बळी पडले. म्हणजे वाण बदलला नाही, तरी परिसर बदलल्याने प्रतिकार बदलला.

काळ्या आजाराच्या बाबतीत ही तफावत विशेष जाणवते. उंदरांतील चित्रावरून रुग्णांत गॅमा इंटरफेरॉनाची उणीव असावी, असे अपेक्षित होते व १९९० मध्ये ब्राझीलमध्ये अँटिमनीच्या औषधाबरोबर त्याचा उपचारातही वापर झाला. परंतु बिहारमधील रुग्णांच्या प्लीहेतील ऊतकांच्या अभ्यासात (२००७) गॅमा इंटरफेरॉन उपस्थित असल्याचे व त्याबरोबर इंटरल्यूकीन-१० चे प्रमाण वाढलेले असल्याचे आढळले. म्हणजे दोष वेग कमी असण्याचा नसून लगाम अति आवळला जाण्याचा होता. आनुवंशिकतेच्या बाबतीतही असेच घडले. उंदरातील जीनचा शोध घेणाऱ्या ब्लॅकवेल यांनी सहकाऱ्यांसह भारत व ब्राझील येथील रुग्णांचा जीनसंच तपासला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार रोगप्रवणतेशी सर्वांत स्पष्ट संबंध टी कोशिकांना प्रतिजन (प्रतिपिंडांची निर्मिती घडवून आणणारा बाह्य पदार्थ) दाखविणाऱ्या एचएलए प्रथिनांच्या जीनसमूहाशी आढळला. उंदरात निर्णायक ठरलेला जीन येथे पुढे आला नाही.

म्हणून उंदराकडून मिळालेले ज्ञान दोन पातळ्यांवर तपासून घ्यावे लागते. प्रतिसादाचे प्रकार, त्यांची आपसांतील स्पर्धा व त्यांवरील नियंत्रण ही तत्त्वे मानवातही खरी ठरली आहेत. त्यांतील नेमका कोणता घटक निर्णायक आहे, हे मात्र प्रत्येक रोगाच्या रुग्णांतच शोधावे लागते. हिवतापाच्या बाबतीत उंदरातील निष्कर्षाने लशीपर्यंतचा मार्ग दाखविला. ज्या लीशमॅनियाने प्रतिरक्षाविज्ञानाला सर्वाधिक शिकविले, त्याच्यामुळे होणाऱ्या काळ्या आजारावर मात्र मानवासाठी मान्यताप्राप्त लस अद्याप उपलब्ध नाही. त्याचे नियंत्रण त्वरित निदान, औषधोपचार व वालुमक्षिकांचा नाश यांवरच अवलंबून आहे.